मालक बदलला, पुढची रांग कुठे गेली?

चित्रपटाचे परीक्षण करणारे आपल्याकडे घरोघर आहेत. चित्रपटगृहाचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. नायिकेचा अभिनय फसला की आपण चार रकाने लिहितो. पण ज्या घरात तीन तास अंधारात बसतो, त्या घराचा मालक बदलला, दारे बदलली, भाव बदलले, तर त्याची दखल शेतजमिनीच्या फेरफारासारखी तलाठ्यानेच घ्यावी, अशी आपली समजूत! दिवाळीच्या निवांत दुपारी, वाचकहो, या परीक्षणाचा थोडा प्रयत्न मी करणार आहे.

उदाहरण पुण्याचे घेतो. अप्पा बळवंत चौकाजवळचे 'प्रभात' १९३४ साली सुरू झाले. वास्तू किबे यांची. चालविणारे प्रभात फिल्म कंपनीच्या दामल्यांचे घराणे. कंपनी १९५३ साली मिटली, तिच्या स्टुडिओत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली, तरी थिएटरवरची पाटी टिकली. २०१४ च्या अखेरीस तिचेही दिवस भरले. वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पुढे 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा उघडली. यात वावगे काय? ज्याचे घर, त्याचे नाव! तरीही रसिकांना चुटपुट लागली, कारण थिएटरला दोन मालक असतात. एक सातबाऱ्यावरचा, दुसरा तिकीट काढून आत बसलेला. दुसऱ्याच्या हक्काचा कागद कुठेच नसतो.

या दुसऱ्या मालकाचे म्हणणे मला आंधळेपणाने मान्य नाही. गळके छप्पर म्हणजे संस्कृती नव्हे आणि ढेकणांच्या खुर्च्या म्हणजे परंपरा नव्हे. धड स्वच्छतागृह नाही म्हणून घरातल्या बायका सिनेमाला जात नसतील, तर त्या थिएटरच्या जुनेपणाचे कौतुक पुरुषांनीच करावे! नूतनीकरण करणाऱ्याचे मी अभिनंदनच करीन. माझी तक्रार आहे ती नव्या सजावटीत पुढची स्वस्त रांग नाहीशी होते, तिच्याबद्दल.

जुन्या थिएटरात विषमता होती, पण ती एका छपराखाली होती. बाल्कनीतला वकील आणि पडद्यापुढचा हमाल एकाच विनोदाला हसत. हमालाच्या शिट्टीने वकिलाच्या कपाळाला आठी पडे, पण ती शिट्टी त्याला ऐकावी लागे. नव्या चकचकीत घरात ती आठी पडत नाही, कारण हमाल दारातूनच परत गेलेला असतो.

डहाणू-तलासरीच्या बाजूने पाहिले की याचा अर्थ अधिक कळतो. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले ते याच मुलखात. ज्यांच्या वाडवडिलांना सावकाराच्या ओसरीवर बरोबरीने बसण्याची सोय नव्हती, त्यांच्या दृष्टीने पैसे मोजून मिळालेली खुर्ची ही क्षुल्लक वस्तू नव्हे. तिकिटावर जात लिहिलेली नसते, नंबर असतो. तो नंबर परवडेनासा झाला, तर सिनेमाबरोबर आणखीही काही हातचे जाते.

कोणी म्हणेल, आता लोकल डहाणू रोडपर्यंत येते, जा की शहरात! २०१३ पासून ती येते हे खरे. पण विरार तिथून सुमारे ६४ किलोमीटर, आणि तलासरीकराला आधी रस्त्याने डहाणू गाठावे लागते. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सांनी मराठी चित्रपटाला संध्याकाळची वेळ द्यावी असे ठरविले. ओरड झाल्यावर तीच वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. शहरात तो वाद अभिमानाचा असेल. आमच्याकडे तो परतीच्या गाडीचाही आहे. भरदुपारी मजुरी सोडून कोण सिनेमाला बसणार?

म्हणून कुठल्याही गावात थिएटरचा हातबदल झाला, तर रसिकांनी नव्या मालकाला तीनच प्रश्न विचारावेत. सर्वांत स्वस्त खुर्ची केवढ्याला? मराठी खेळ किती वाजता? बायकांसाठी सोय कशी? पाटी कोणाच्या नावाची, हा प्रश्न चौथा. या तिन्हींची उत्तरे समाधानाची असतील, तर पाटीवर खुशाल मालकाने आपल्या आजोबांचे नाव घालावे. पहिल्या खेळाला पुढच्या रांगेचे तिकीट मी काढीन.