दहाच वस्तूंचा धनी

१९७८ साली आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये पॅलाडिनसाठी एक कलम आहे. हाती येईल त्या मिळकतीचा दहावा हिस्सा त्याने ताबडतोब धर्मादाय संस्थेला द्यायचा. त्याला लगेच पुस्ती जोडली आहे, की हा पैसा दुसऱ्या खेळाडूच्या क्लेरिक, म्हणजे पुरोहित, पात्राला देऊन चालणार नाही. ही पुस्ती वाचून मला दरवेळी हसू येतं. पुस्तकाचा लेखक गॅरी गायगॅक्स आपल्या लोकांना पुरता ओळखून होता. पुस्ती नसती तर पॅलाडिनने दशमांश शेजारच्या मित्राच्या पदरात टाकला असता, आणि त्या मित्राने त्याच संध्याकाळी त्यातून दोघांसाठी जखमा भरणाऱ्या औषधाच्या कुप्या आणल्या असत्या. पुण्यही पदरात आणि पैसाही घरातल्या घरात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग चालवतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि पुढे काय होईल याचा नेम नसतो तिथे फासे पडतात. पात्राचा क्लास निवडायचा असतो: फायटर, चोर, जादूगार, क्लेरिक असा. पॅलाडिन हा व्रत घेऊन लढणारा, देवाच्या बाजूचा योद्धा. गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांनी १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत तो पहिल्यांदा आणला, १९७८ च्या पुस्तकात तो अंगाने भरला. या खेळाच्या नियमपुस्तकांतलं सर्वांत चांगलं व्यक्तिचित्रण मला त्याच पानांवर सापडतं, आणि ते जवळपास सगळं मनाईच्या भाषेत लिहिलेलं आहे.

इतर क्लासांच्या पानांवर काय काय मिळणार याची जंत्री असते. पॅलाडिनलाही मिळतं. रोग त्याला शिवत नाही, साठ फुटांवरचं दुष्टत्व त्याला जाणवतं, दिवसातून एकदा नुसता हात ठेवून तो जखम भरू शकतो. पण लेखकाचं मन रमलंय ते त्याला काय काय करता येणार नाही हे सांगण्यात. जादूच्या वस्तू एकूण दहाच: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रं आणि इतर चार. संपत्ती साठवायची नाही, साधेपणाने राहण्यापुरतं, नोकरचाकर आणि एखादी छोटी गढी सांभाळण्यापुरतं ठेवून बाकीचं देऊन टाकायचं. आता ड्रॅगनच्या खजिन्यात आगीपासून वाचवणारी अंगठी निघाली असं समजा. फायटर ती बोटात घालून मोकळा होतो. पॅलाडिनचा खेळाडू मात्र पेन्सिल घेऊन कागदावर वाकतो. ‘इतर चार’चे रकाने भरलेले आहेत. झगा सोडावा, की उडते बूट? सगळे खोळंबतात, कोणीतरी चिप्सची पिशवी फोडतं. पॅलाडिनच्या सद्गुणांवर कोणी अवाक्षर काढलेलं नसतं, तरी अपरिग्रह म्हणजे काय ते त्या दोन मिनिटांत अख्ख्या टेबलाला कळतं.

किमान पात्रतेची अटही अशीच वाचनीय आहे. या योद्ध्याला ताकद १२ असली तरी चालते, करिश्मा मात्र १७ हवा. तीन फासे टाकून १७ किंवा १८ पडण्याची शक्यता ५४ त एक. म्हणजे साध्या तीन फाशांच्या पद्धतीने खेळणाऱ्यांच्या टेबलावर पॅलाडिन हा योगायोगानेच जन्माला यायचा. तो ठरवून घेता येत नसे. माणसं आपणहून ज्याच्या मागे चालतील त्यालाच व्रत पेलेल, असा काहीसा विचार त्या आकड्यामागे दिसतो. पुढे क्लास सर्वांना खुला झाला हे ठीकच झालं, पण त्या दुर्मीळपणाची ऐट गेली.

सोबतीचा नियम तर थेट प्रहसनाला जन्म देतो. पॅलाडिनने सज्जनांचीच संगत धरायची. ना सज्जन ना दुर्जन अशा तटस्थ मंडळींबरोबर फार तर एका मोहिमेपुरतं जायचं. आणि टोळीत चोर तर असतोच, त्याच्यावाचून कुलपं कोण उघडणार? त्यातून खेळाडूंनी जी रीत पाडली ती आजही चालते: कैद्याला ‘विचारपूस’ करायची वेळ आली की कोणीतरी पॅलाडिनला हळूच म्हणतं, अहो, बाहेर घोड्यांकडे जरा बघून येता का? चांगला खेळाडू या क्षणी काय करतो यावर मी त्याची पारख करतो. जो तिथेच अडून बसतो, सर्वांना नीतीचे धडे देतो आणि खेळ बंद पाडतो, त्याच्यासाठी ‘लॉफुल स्टुपिड’, म्हणजे नियमनिष्ठ मूर्ख, ही शिवी खास घडवलेली आहे. जो मुकाट बाहेर जातो तो लबाड. पण कधीतरी एखादा असा भेटतो की जो बाहेर जातो, दार उघडं ठेवतो आणि तिथेच उंबऱ्यावर बसतो. मग चोरालाच सुचेनासं होतं.

आपल्या काव्यशास्त्रात वीररसाचे चार प्रकार सांगितले आहेत. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चौघे येतात. हा चष्मा लावून क्लासांच्या यादीकडे पाहिलं तर फायटर, बार्बेरियन वगैरे सगळे युद्धवीर. उरलेल्या तिन्ही वीरांना आकडे आणि कलमं मिळाली ती एकट्या पॅलाडिनच्या पानावर: दशमांशात दान, हस्तस्पर्शात दया. धर्म मात्र गमावण्याच्या भीतीतून आला आहे. त्याने बेशिस्तीचं कृत्य केलं तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या क्लेरिकपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर सगळं दैवी बळ कायमचं गेलं, उरला तो साधा फायटर. द्रोणपर्वात युधिष्ठिराचा जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा रथ एका अर्धसत्यासरशी खाली टेकतो, तसाच हा हिशोब. फरक इतकाच, की युधिष्ठिराचा रथ खाली टेकवला व्यासांनी. इथे तो टेकवायचा अधिकार समोर बसलेल्या मित्राकडे असतो. त्यावरून मैत्र्या तुटल्याच्या कहाण्या या खेळात पैशाला पासरी मिळतात. दुष्ट मानलेल्या गॉब्लिनांची पोरं सापडली तर काय करायचं, हा तर पिढ्यान्‌पिढ्या चघळलेला वाद.

पॅलाडिनचं कूळ दोन ठिकाणी सापडतं. एक, शार्लमेनच्या दरबारातले बारा सरदार, त्यातला मुख्य रोलां. ७७८ साली रॉन्सव्होच्या खिंडीत फ्रँक सैन्याच्या पिछाडीवर बास्क लोकांनी छापा घातला. सुमारे तीन शतकांनी रोलांवर रचलेल्या काव्यात त्या बास्कांचे मुसलमान झाले आणि चकमकीचं धर्मयुद्ध झालं. हा वारसा नाकारून चालत नाही, आणि तो गोड नाही. खेळाने त्यावर काढलेला तोडगा चलाख आहे: इथे देव खरोखर आहेत, आणि दुष्टत्व साठ फुटांवरून ओळखू येतं. खऱ्या इतिहासातल्या कुठल्याही धर्मयोद्ध्याला अशी सोय नव्हती. आपल्याला ती आहे अशी त्यांची खात्री तेवढी होती. दुसरं मूळ जवळचं आहे. पोल अँडरसनची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ १९५३ मध्ये मासिकातून आणि १९६१ मध्ये पुस्तकरूपात आली. दुसऱ्या महायुद्धात लढणारा होल्गर हा डॅनिश इंजिनिअर एकदम दंतकथांच्या जगात जाऊन पडतो. तिथे त्याच्या मापाचं चिलखत आणि एक दांडगा काळा घोडा जणू त्याचीच वाट पाहत असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समधला सुव्यवस्था विरुद्ध अराजक हा झगडा आणि तुकडे केले तरी पुन्हा जुळणारा ट्रोल या कादंबरीकडून आलेत, तसाच बराचसा पॅलाडिनही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत दशमांश गेला, दहा वस्तूंची मर्यादा गेली, सक्तीचा सज्जनपणाही गेला. त्यांच्या जागी या आवृत्तीत शपथ आली: भक्तीची, प्राचीनांची किंवा सूडाची. यात गमावलं ते गमावलंच, पण दोन गोष्टी फार सुंदर साधल्या. एक ‘डिव्हाइन स्माइट’. तलवारीचा वार लागला हे कळल्यावर खेळाडू ठरवतो की त्यात देवाचं बळ ओतायचं का. जादूगार आधी खर्च करतो आणि मग देव पाण्यात घालून बसतो. पॅलाडिन वीस पडलेला डोळ्यांनी पाहतो, मग मूठभर आठ बाजूंचे फासे उचलतो, आणि टेबलावर सगळे पुढे सरकतात. दुसरी गोष्ट शांत आहे. हस्तस्पर्शाचे गुण आता लेव्हलच्या पाचपट, आणि हवे तसे सुटे करून वापरता येतात. सोबतीची प्राणशक्ती शून्यावर जाऊन तो कोसळला की त्याला उभं करायला एकच गुण पुरतो. म्हणून मुरलेला पॅलाडिन चिंगूस असतो: एकेक गुण मोजून देतो, कोणाला पूर्ण बरं करत नाही, पण कोणाला मरूही देत नाही. सहाव्या लेव्हलला त्याच्या भोवती दहा फुटांचं संरक्षक वलय येतं आणि नकाशावरच्या सगळ्या सोंगट्या आपोआप त्याच्या जवळ गोळा होऊ लागतात. करिश्म्याच्या त्या जुन्या अटीचा अर्थ इथे पटावर दिसतो.

शपथ मोडण्याचा प्रसंग सर्वांत जास्त लोकांनी अनुभवला तो मात्र टेबलावर नव्हे, तर लॅरियन कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या संगणकीय खेळात. सुरुवातीलाच लेझेल नावाची योद्धी वर टांगलेल्या पिंजऱ्यात अडकलेली दिसते आणि खाली टीफ्लिंग वंशाचे दोघे घाबरून उभे असतात. त्यांना बोलून वाटेला लावता येतं. भक्तीची शपथ घेतलेल्याने तिच्या बाजूने त्यांच्यावर तलवार उपसली, की खेळ शांतपणे कळवतो: शपथ मोडली. बळ जातं. मग मुक्कामी एक चिलखतधारी सरदार येतो, स्वतः शपथ मोडलेला. तो रागावत नाही, उपदेश करत नाही. तू आता माझ्यासारखा झालास, एवढंच काय ते जाणवून देतो. हे न रागावणं फार अंगावर येतं. पण त्याच्यापुढचे पर्याय बघा: त्याच्या वाटेने काळोखं बळ घ्या, किंवा १००० सोन्याची नाणी मोजा आणि शपथ परत घ्या. १९७८ मध्ये ज्याला सोनं साठवायची बंदी होती, त्याची शपथ आता सोन्याने दुरुस्त होते. शिवाय यंत्राला पहिला वार कोणी केला ते दिसतं, का केला ते दिसत नाही. सत्य हा भक्तीच्या शपथेतला पहिलाच नियम असून बहुतेक ठिकाणी खोटं बोललेलं खपून जातं. डीएमने अशा वेळी नुसती भुवई उंचावली असती तरी काम झालं असतं.

राहिला घोडा. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्याचा नियम असा: चौथ्या लेव्हलपासून पॅलाडिनने साद घातली की घोडा त्याला फक्त दिसतो, जिथे कुठे असेल तिथला. मग तिथवर जाऊन, मिळवून आणायचं काम त्याचं. आणि असा घोडा दहा वर्षांत एकदाच. २०१४ त तो एका मंत्राने येऊ लागला, २०२४ च्या पुस्तकात पाचव्या लेव्हलपासून रोज एकदा फुकट येतो. सोय झाली हे कबूल. तरी नव्या पुस्तकावरून खेळवणाऱ्या डीएमनी एवढं एक जुनं कलम उसनं घ्यावं असं मला वाटतं: घोडा कुठेतरी लांबच्या डोंगरात, कोणाच्या तरी तबेल्यात दिसू द्यावा, आणि पुढचे तीन-चार शनिवार पॅलाडिनला त्याच्या मागे खुशाल भटकू द्यावं. चोराला सोबत न्यायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल.