रिंगणाशिवायचा ढोल

फोनवर 'आफ्रिकन हीलिंग ड्रम्स' शोधा, तासन् तास चालणारे ट्रॅक मिळतील. डोळे मिटा, ऐका, बरे व्हा. स्टीव्हन फ्रीडसन यांचं 'डान्सिंग प्रॉफेट्स' (१९९६) वाचलं, की त्या ट्रॅकमधून काय काय गाळलं गेलंय ते कळतं.

हे पुस्तक उत्तर मलावीतल्या तुंबुका लोकांच्या विंबुझाबद्दल आहे. विंबुझा हे आत्म्यांचं नाव, त्यांच्यामुळे होणाऱ्या आजाराचं नाव आणि त्यावरच्या ढोल-नाचाचंही. आपण पटकन 'अंगात येणं' म्हणून मोकळे होऊ. फ्रीडसन होत नाहीत. रुग्ण बहुतेक बायका. गावातल्या बायका-मुलं भोवती रिंगण धरून गातात, पुरुष ढोल वाजवतात, आणि वेगवेगळ्या आत्म्यांचे ठेके वेगळे. रुग्णाने नुसतं ऐकायचं नसतं, स्वतःचा आजार नाचायचा असतो. रोग ओळखणारा वैदू, म्हणजे न्चिमी, तोसुद्धा नाचता नाचताच निदान करतो.

ठेक्यात तीन आणि दोनचे पदर एकाच वेळी चालतात. कान कधी हा पदर धरतो, कधी तो. फ्रीडसन म्हणतात, हा संगीतानुभव उपचाराची सजावट नाही, तोच उपचार आहे. पुस्तकाची मोठी कमाई हीच.

माझी तक्रार वेगळी आहे. न्चिमी पानोपानी भेटतात, मधूनमधून हायडेगरही येतो, पण आजारी बाई मागे पडते. नाच संपल्यावर तिच्या घरात काय बदललं? तिला झोप लागायला लागली का? विंबुझा वाढला तोच १९व्या शतकाच्या मध्यापासून, दडपशाहीच्या जखमा सोसताना. पुढे ब्रिटिश राजवटीत मिशनऱ्यांनी त्याला बंदी केली. २००८मध्ये तो युनेस्कोच्या वारसायादीत आला. एवढं सोसलेल्या उपचाराबद्दल लिहिताना रुग्णाची बाजू जास्त ऐकू यायला हवी होती.

ढोलाने मानसिक आजार बरा होतो, असं हे पुस्तक सिद्ध करत नाही. त्याच्या भरवशावर कुणी गोळ्या बंद करू नयेत. पण एका बाईच्या आजारपणासाठी गाव रात्र जागवतं, तिच्याभोवती उभं राहून गातं, हे त्यात नीट दिसतं. आपल्याकडे असा आजार घराबाहेर कळू नये म्हणून केवढी धडपड चालते! म्हणून हे पुस्तक वाचा. मग हवा तर ट्रॅक लावा.