संख्यावाचनाचा वाद आणि प्रभुत्व अध्ययन : इयत्ता दुसरीच्या गणिताची एक चिकित्सा

बालभारतीच्या २०१९ मधील इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाने ‘एकवीस’ या रूढ नावासोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचविले आणि त्यावरून उसळलेला वाद थेट विधानसभेपर्यंत पोहोचला. भाषाभिमान्यांनी त्यात मराठीची हानी पाहिली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात, ही भूमिका मांडली. चर्चा झाली ती नावांची. मुलाला दशक-एकक उमगले की नाही, हे कोणी व केव्हा तपासावयाचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नारळीकरांचे निदान अचूक होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘त्रेपन्न’ उच्चारताना तीन आधी येतात, लिहिताना पाच. ५३ ऐवजी ३५ लिहिणारे मूल निर्बुद्ध नसते, ते कानाशी प्रामाणिक असते. त्यातच एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नावे पुढील दशकातून एक वजा करून बनतात आणि नव्याण्णव हा नियम मोडते. कन्नड, तेलुगूत दशक आधी येते. नॉर्वेने १९५१ मध्ये अधिकृतपणे तोच क्रम स्वीकारला. परंतु जर्मन भाषेत एकक आजही आधीच उच्चारला जातो, आणि ती मुले गणितास मुकलेली नाहीत. म्हणजे नाव हा अडथळा आहे, पण अडचण तेवढीच नाही.

बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये प्रभुत्व अध्ययनाची जी मांडणी केली, तिचा गाभा वेळेत आहे. पुरेसा वेळ व योग्य साहाय्य मिळाल्यास ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी प्रभुत्व मिळवू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे याउलट वेळ ठरलेला असतो आणि समज ज्याच्या-त्याच्या नशिबावर!

गुहागर तालुक्यातील अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी मूल आंबा डझनाने आणि नारळ शेकड्याने मोजला जाताना पाहते. दीडशे, पावणेदोनशे हे शब्द शाळेआधीच कानी पडतात. दहाचा गठ्ठा मात्र त्यास बहुधा शाळेतच भेटतो. ‘त्रेपन्न’ पुस्तकाने गाळले तरी बाजार गाळणार नाही. म्हणून दोन्ही नावे ठेवणे योग्यच. पण त्यामुळे शिकण्याचा भार वाढतो, हे मान्य करावयास हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेस पाच इयत्तांसाठी दोन शिक्षक मिळतात. मागे राहिलेल्या चौघांना पुन्हा शिकविताना उरलेल्यांकडे कोण पाहणार?

‘वीस एक’ या वाचनाचे खरे स्थान उपचारात्मक अध्यापनात आहे. ‘त्रेपन्न’ ऐकून मुलाने काड्यांचे पाच गठ्ठे व तीन सुट्या काड्या मांडाव्यात, मगच अंक लिहावा. चुकल्यास ‘पन्नास तीन’ म्हणून पुन्हा मांडावे, जमल्यावर ‘त्रेपन्न’कडे परतावे. ज्याला पहिल्याच वेळी जमले त्याने पुढे जावे. यासाठी मूल्यमापनात तोंडी कामास जागा लागेल आणि वार्षिक नियोजनात काही तासिका मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागतील.