वाद्यवृंदातील फर्माईशी गीते : अनुकृती आणि पुनर्निर्मिती

प्रस्तावना :

महाराष्ट्रात ‘ऑर्केस्ट्रा’ या नावाने रूढ झालेला वाद्यवृंदाचा कार्यक्रम हा सार्वजनिक करमणुकीचा एक महत्त्वाचा प्रकार होय. गणेशोत्सवाचा मांडव, संस्थांची स्नेहसंमेलने आणि नाट्यगृहांतील तिकीट लावून होणारे प्रयोग अशा विविध ठिकाणी या कार्यक्रमांनी चित्रपटगीत श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष उभे केले. ‘मेलडी मेकर्स’ किंवा प्रमिला दातार यांचा ‘सुनहरी यादें’ ही नावे मराठी श्रोत्यांना सुपरिचित आहेत. तथापि संगीतसमीक्षेने या प्रकाराकडे बहुधा दुर्लक्षच केले. ‘तीच ती गाणी’ हा त्यावरील नेहमीचा आक्षेप. श्रोता चिठ्ठी पाठवितो, निवेदक ती वाचतो आणि शंभरदा ऐकलेले गाणे पुन्हा सुरू होते. दोष त्या परिचित गीताचा आहे की त्याच्या सादरीकरणाविषयीच्या अपेक्षेचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फर्माईशीची पूर्वपीठिका :

परिचित गीत पुन्हा ऐकण्याची मागणी महाराष्ट्राला नवी नाही. संगीत रंगभूमीवरील ‘वन्स मोअर’ हे तिचेच रूप. बालगंधर्वांची (1888–1967) पदे प्रेक्षकांना पाठ असत, तरीही ती पुनःपुन्हा मागितली जात. ध्वनिमुद्रिकेत तीन-साडेतीन मिनिटांत मावणारे पद रंगमंचावर कितीतरी विस्तारत असे. या प्रथेमुळे नाट्याचा ओघ खंडित होतो, ही टीका रास्तच होती. पण संगीताच्या दृष्टीने पाहता, ‘वन्स मोअर’ने मागितलेले पद दुसऱ्या वेळी जसेच्या तसे येत नसे. शब्दावरचा जोर बदले, हरकत निराळी येई. प्रेक्षकालाही हेच अभिप्रेत होते. ओळखीच्या वाटेवर गायक या वेळी काय दाखवितो, याची त्याला उत्सुकता असे.

नभोवाणीने फर्माईशीला दुसरा अर्थ दिला. डॉ. बा. वि. केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारसे स्थान उरले नाही. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे 1957 मध्ये आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. फर्माईशी कार्यक्रमांत गाण्याआधी पत्रलेखकांची नावे वाचली जात. झुमरी तलैयासारखे आडबाजूचे गाव देशभर ठाऊक झाले ते यामुळेच. म्हणजे फर्माईश ही गाण्याची मागणी होती, तशीच ती आपल्या अस्तित्वाची नोंदही होती. वाद्यवृंदाच्या मंचावर येणारी चिठ्ठी हा वारसा पुढे चालविते. एखाद्या दांपत्याच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मागितलेले गाणे नवे असून चालत नाही. ते त्यांच्या आयुष्याला चिकटलेलेच असावे लागते.

‘हुबेहूब’चा निकष :

मात्र नभोवाणीवर वाजत होती ती ध्वनिमुद्रिका. प्रत्येक वेळी ती तशीच वाजते. या सवयीने श्रोत्याच्या मनात गीताचे एकच अधिकृत रूप पक्के झाले. सुरुवातीचे संगीत, दोन अंतऱ्यांमधील व्हायोलिनचे तुकडे, गायकाचा श्वासही त्यात आला. परिणामी वाद्यवृंदाला मिळणारी सर्वांत मोठी दाद ‘हुबेहूब’ ही ठरली. गायक ‘किशोरचा आवाज’ वा ‘मुकेशचा आवाज’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याचे स्वतःचे नाव मागे पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हुबेहूब वादन हे वस्तुतः हुबेहूब नसतेच. मूळ ध्वनिमुद्रणात मोठा व्हायोलिनसमूह असे, तर मंचावर मोजके वादक असतात. कोणता स्वरसमूह राखावयाचा, कोणता गाळावयाचा, बासरीचा तुकडा की-बोर्डवर कसा आणावयाचा, हे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात. हे संगीत-संयोजनच होय. मूळ संयोजनाचीही हीच उपेक्षा झाली. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गीतांचे संयोजन गोमंतकीय सबॅस्टियन डिसूझा यांनी केले. ते संगीत असंख्य श्रोत्यांना तोंडपाठ आहे, पण हे नाव किती जणांना ठाऊक असेल?

अनुकृती ही शिक्षणाची पायरी आहे, हेही मान्य करावे लागेल. सुदेश भोसले ‘मेलडी मेकर्स’मधून पुढे आले. परदेशातील उदाहरण घ्यावयाचे तर ‘बीटल्स’ हा वृंद 1960 ते 1962 या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र मुख्यतः इतरांची गाणी वाजवीत असे. त्यांच्या 1963 मधील पहिल्या अल्बममधील 14 गीतांपैकी 6 गीते इतरांचीच होती. तेथे अनुकृती ही तालीम ठरली. अनुकृती हेच अंतिम ध्येय ठरते, तेव्हा मात्र कलावंताची वाढ खुंटते.

‘हुबेहूब’चा निकष शेवटपर्यंत ताणला, तर वादकाची गरजच उरत नाही. ध्वनिमुद्रित ट्रॅक कोणत्याही वादकापेक्षा अधिक हुबेहूब असतो. शहरोशहरी वाढलेले कराओकेचे कार्यक्रम ही या निकषाची तर्कशुद्ध परिणती आहे. त्यामुळे हौशी गायकाला मंच मिळाला, ही त्याची चांगली बाजू. परंतु ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, श्रोत्यांची दाद पाहून लय सैल करीत नाही. वादकाचा रोजगार तर जातोच, त्यासोबत वर्षानुवर्षे कमावलेले संयोजनाचे ज्ञानही जाते.

निष्कर्ष :

1. परिचित गीताची फर्माईश हा अभिरुचीचा ऱ्हास नव्हे. तिच्यामागे स्मृती आणि सहभाग यांची गरज असते.

2. ‘वन्स मोअर’ने पुनर्निर्मितीला वाव दिला, तर ध्वनिमुद्रिकेने घडविलेल्या श्रवणसवयीने अनुकृतीलाच प्रमाण मानले. दोष गीतात नसून या निकषात आहे.

3. वाद्यवृंदाची समीक्षा करताना ‘कोणती गाणी वाजविली’ याऐवजी ‘कशी वाजविली’ हा प्रश्न विचारला पाहिजे. निवेदकाने चिठ्ठीतील नावांबरोबर संयोजकांची व वादकांची नावे सांगितली, तरी श्रोत्यांचे कान उघडू लागतील.

तेच गाणे पुन्हा मागणारा श्रोता कलावंताला संधीच देत असतो. त्या संधीत स्वतःची एखादी जागा घेण्याचे धैर्य कलावंताने दाखविले आणि श्रोत्याने तिला दाद दिली, तरच प्रत्यक्ष मैफलीला ध्वनिमुद्रिकेहून वेगळे प्रयोजन उरेल.