जलगुणवत्ता निर्देशांक : एका निर्णयसाधनाची मर्यादा

विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. तेथील पुलाजवळच्या पाण्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ एका अंकाने व्यक्त करते. मूळ अमेरिकन असलेल्या या निर्देशांकास केंद्रीय मंडळाने भारतीय रूप देताना विरघळलेल्या प्राणवायूस 0.31, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंस 0.28, सामूस 0.22 व जैवरासायनिक प्राणवायूच्या मागणीस 0.19 असे भार दिले. पाणलोटाच्या सुधारणेची योजना या अंकावर कितपत उभारता येईल, हे तपासणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप बेरजेच्या रीतीवर आहे. घरगुती सांडपाण्याचा सामू बहुधा 7 च्या आसपास असतो. सबब प्राणवायू शून्य आणि जंतू अगणित असूनही अशा पाण्यास केवळ सामूपोटी सुमारे 20 गुण मिळतात. चुकीच्या उत्तराला सुवाच्य अक्षराबद्दल गुण द्यावेत, तसाच हा प्रकार होय. शिवाय 38 च्या खालचे सर्व पाणी ‘वाईट ते अतिवाईट’ या एकाच वर्गात पडते. नदी 20 वरून 35 वर आली, तरी वर्गनाम तेच राहते.

तथापि खरी उणीव व्याकरणाच्या परिभाषेत अधिक नेमकी सांगता येईल : निर्देशांकाच्या विधानात कर्ता नाही. वस्तीचे मलजल की कारखान्याचे तेल, हे त्यातून कळत नाही. आणि उपाय तर त्यावरच अवलंबून असतो.

माहीमहून दक्षिणेस, दादर-परळच्या सखल भागात, हीच उणीव उलट बाजूने आढळते. 2020 मध्ये मुंबईसाठी सुरू झालेल्या ‘आयफ्लोज’ या पूरसूचना प्रणालीत निर्णयसाहाय्याचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु तिचा विषय पाणी कोठे व किती चढेल एवढाच. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. हिंदमाता चौकातून अनवाणी जाणाऱ्यास पाण्याची खोली आणि त्याची प्रत या दोन निराळ्या गोष्टी नसतात.

माहीमच्या पुलाखाली भरतीचे समुद्रजल शिरते. त्यामुळे नमुन्यासोबत भरती-ओहोटीची वेळ नोंदवावी, आणि मिठीस मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या मुखाशी निराळा नमुना घ्यावा. चारही घटकांचे मूळ आकडे अंकाशेजारी छापण्यास तर फारसा खर्चही पडणार नाही.