वर्धेच्या काठावरून वेलिंग्टनचे चरित्र

सरदार घराण्यातील नायकाने उमेदीची वर्षे हिंदुस्थानात घालविली असली, की त्यांना शिक्षणाचे प्रकरण म्हणावयाचे आणि खरे चरित्र तो स्वदेशी परतल्यावर सुरू करावयाचे, असा इंग्रज चरित्रकारांचा एक शिरस्ताच पडून गेला आहे. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हे याचे ठळक उदाहरण होय. मॉर्निंग्टनच्या अर्लचा हा पुत्र १७९० मध्ये आयरिश पार्लमेंटचा सभासद झाला, १७९७ ते १८०५ येथे होता, आणि १८२८ मध्ये इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. एलिझाबेथ लाँगफर्ड यांच्या १९६९ च्या ग्रंथात (लेखिका ड्यूकच्या सासुरवाडीच्या, म्हणजे पॅकनम घराण्याच्या सूनबाई, हे येथे नमूद करावयास हरकत नाही) स्पेन-पोर्तुगालचे युद्ध व वॉटर्लू यांनी बहुतेक जागा व्यापिली आहे. असईची लढाई सर्वत्र येते. देवगावचा तह मात्र ओझरता उल्लेखिला जातो.

आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकाने हे प्रमाण जसेच्या तसे स्वीकारावे काय? २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी वेलस्लीशी तह केला. शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह त्यानंतर, ३० डिसेंबरला झाला. दोघां दोस्तांना एका मसलतीस बसू न देता वेगवेगळे उरकण्याची ही हातोटी सेनापतीपेक्षा मुत्सद्द्याची आहे, आणि राजकारणी वेलस्लीचा अभ्यास करावयाचा तर तो येथूनच करावा लागेल.

तहान्वये कटक व बालासोर गेले. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख गेला व पुढे निजामाकडे आला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांखालचा चार लक्षांचा प्रदेश भोसल्यांकडे राहिला. निजाम-भोसल्यांची जुनी दोअमली संपली. नदी डोंगरातून निघते तेथपासून गोदावरीस मिळते तेथपर्यंत हद्द, असे कलम आहे. वस्तुतः वर्धा गोदावरीस मिळत नाही. ती वैनगंगेस मिळते, आणि त्या दोहोंची प्राणहिता गोदावरीत जाते. हा दोष क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. परंतु आर्वीकडचा यात्रेकरू पलीकडे कौंडिण्यपूरला जाई, तो एकाच विदर्भात वावरत असे. त्याची नदी आता दोन राज्यांची सीमा झाली. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा पश्चिमेस आजही तिच्याच काठाशी थांबतो.

चरित्रकारांविषयी माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. ग्वाल्हेरच्या वादात, किल्ला गेला तरी चालेल पण इंग्रजांच्या वचनाची पत राहिली पाहिजे, अशी भूमिका वेलस्लीने आपल्या ज्येष्ठ बंधूच्या, गव्हर्नर जनरलच्या, धोरणाविरुद्ध घेतली. ती प्रामाणिक होती असे मी मानतो. मात्र त्याने स्वतः केलेल्या देवगावच्या तहात एक कलम आहे: युद्धकाळात भोसल्यांच्या मांडलिकांशी इंग्रजांनी जे करार केले असतील ते भोसल्यांनी मान्य करावेत, आणि त्या मांडलिकांची यादी मागाहून, तह कायम होताना, मिळेल. म्हणजे नावे पाहण्यापूर्वीच कबुली! या कलमाच्या आधारे संबळपूर व पाटणा यांवर हक्क सांगितला गेला, आणि तो नागपूर दरबाराच्या गळी उतरविण्याचे अप्रिय काम रेसिडेंट म्हणून गेलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर पडले. १८०६ मध्ये ते प्रांत परत करावे लागले. वेलस्लीच्या सचोटीचे मोजमाप करताना ग्वाल्हेरचे पत्र आणि हे कलम शेजारी शेजारी ठेविले पाहिजेत.

साधनांचीही एक अडचण आहे. गर्वुडने १८३४ पासून छापलेली पत्रे ड्यूकच्या हयातीत व त्याच्या नजरेखालून निघाली, आणि त्यांत अनेक ठिकाणी व्यक्तींची नावे गाळली आहेत. ड्यूकच्या पुत्राने १८५८ पासून काढलेले पुरवणीचे खंड त्यांस जोडून न वाचणारा विद्यार्थी ड्यूकला स्वतःचे जे चित्र मान्य होते तेवढेच पाहील. दुसऱ्या बाजूस काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर आहे. पण तीही इंग्रजी अंमलाच्या छायेत लिहिली गेली, म्हणून तिलाही डोळे मिटून प्रमाण मानता येत नाही. या. मा. काळे यांचे वऱ्हाड व नागपूर प्रांतांचे इतिहास (१९२४, १९३४) हाताशी घेऊन तहाचे मूळ कलम-न-कलम वाचावे. वेलस्लीच्या चरित्राचे ते प्रकरण इंग्रजीत अद्याप अपुरे आहे. ते मराठीत लिहावयाचे तर वर्धेच्या दोन्ही काठांची दप्तरे चाळावी लागतील.