मॅरियन स्मिथचं टपाल

अमेरिकेतल्या व्हिटमन या प्राथमिक शाळेची घंटा कधीच वाजली नाही. जॉन हेम्फिल, डॅनियल ग्रिफिथ्स आणि नॉर्मन फ्रेडरिक्सन या संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीला ती कागदावर, फिल्मवर आणि ध्वनिफितींवर उभी केली. गावाची माहिती, शिक्षकांच्या फायली, सगळं तपशीलवार. तिच्या कारभारावर २३२ खरे मुख्याध्यापक बसवले. त्या अभ्यासाचं पुस्तक १९६२ साली आलं आणि विद्यापीठांनी हीच शाळा भावी मुख्याध्यापक घडवायला वापरली.

प्रत्येकाने व्हायचं 'मॅरियन स्मिथ', शाळेत नव्याने रुजू झालेला मुख्याध्यापक. हे नाव बाईचंही असतं, पुरुषाचंही. म्हणजे कोणीही खुर्चीत बसावं आणि कामाला लागावं.

टेबलावर टपालाचा गठ्ठा. ही युक्ती फ्रेडरिक्सन यांनी आधी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांसाठी वापरली होती. महत्त्वाचं आणि किरकोळ एकाच ढिगात; निवड ज्याची त्याने करायची. नियम मात्र कडक : 'मी असं केलं असतं' म्हणायची सोय नाही. उत्तर द्यायचं तर पत्रच लिहा, कुणाला बोलवायचं तर चिठ्ठी पाठवा.

या नियमातच सगळी गंमत आहे. समजा, एका आईची तक्रार आहे की बाई मुलाला कायम मागच्या बाकावर बसवतात. एक जण लिहितो, 'उद्यापासून जागा बदलली आहे.' दुसरी लिहिते, 'बाईंशी बोलून शुक्रवारपर्यंत कळवते,' आणि बाईंना वेगळी चिठ्ठी धाडते. तिसऱ्याचा शेरा : 'वर्गशिक्षिकेकडे, योग्य त्या कार्यवाहीसाठी.' पहिल्याने आईला खूश केलं, पण बाईंना विचारलंच नाही. तिसऱ्याने तर तक्रार जिच्याविरुद्ध, तिच्याच हाती पत्र दिलं. भाषणात मात्र तिघेही 'पालकांना विश्वासात घेऊ' असंच म्हणाले असते.

अभ्यासातही मुख्याध्यापकांमधला एक ठळक फरक असाच निघाला : काही जण निर्णयाआधी विचारपूस करतात, माहिती जमवतात, काही तिथल्या तिथे निकाल लावून मोकळे होतात.

उणीव एवढीच की कागद उलट बोलत नाही. चिडलेली आई दारात येऊन उभी राहिली की मुद्देसूद पत्र लिहिणाऱ्याचीही बोबडी वळू शकते. आता संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये आपल्या निर्णयाप्रमाणे पुढचा प्रसंग वळतो, ही भर मोलाचीच. पण त्यांनाही कस लावायचा तो व्हिटमनचाच : माणूस इथे नुसतं बोलून सुटतो, की त्याला करून दाखवावं लागतं?